पीक नोंदवलं, तरी यादीत नाव का नाही? अॅप तुमची नोंद कसं शोधतं, ते समजून घ्या

काटोल : वावरात उभं राहून फोटो काढला, पीक भरलं, अॅपनं ‘नोंद झाली’ असंही दाखवलं. पण पुढे सोयाबीन विक्रीच्या नोंदणीला गेल्यावर किंवा नुकसानीची यादी लागल्यावर नाव सापडत नाही. अशा वेळी ‘अॅपनं माझी नोंद खाल्ली’ असंच आधी मनात येतं. पण बहुतेक वेळा नोंद कुठे गेलेली नसते. ती ज्या चाळणीतून शोधली जाते, त्या चाळणीतून ती सुटलेली असते. ही चाळणी कशी चालते हे कळलं, तर चूक नेमकी कुठे आहे ते शेतकऱ्याला मोबाईलवरच शोधता येतं, तेही तारीख निघून जायच्या आधी.

सातबारा म्हणजे एक कागद नाही, दोन वह्या

आपण ‘सातबारा’ म्हणतो, पण तो मुळात दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर काय बोजा. गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणतं पीक होतं. तिसरी वही आठ-अ. एका खात्यावर त्या गावात कोणकोणते गट आहेत, ते तिच्यात असतं. चौथी वही नमुना सहा, म्हणजे फेरफार. खरेदी, वाटणी, वारस असा कोणताही बदल आधी तिथे चढतो आणि मग सातवर येतो.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पूर्वी या वह्या हातानं जुळवायचे. आठ-अवर खातं पाहायचं, त्यातले गट काढायचे, मग प्रत्येक गटाचा बारा नमुना उघडायचा. अॅप आजही तेच काम करतं, फक्त सेकंदात.

कॉम्प्युटरमध्ये माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची आणि समान नंबरानं जोडायची, ही पद्धत आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. बँकेचं खातं, रेल्वेचं तिकीट, रेशनकार्ड असे बहुतेक व्यवहार आज त्याच पद्धतीवर चालतात. आपल्या महसुली दप्तराची मांडणी मात्र कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनच अशी होती.

जोड नावानं नाही, नंबरानं

ई-पीक पाहणी अॅप टाटा ट्रस्टच्या मदतीनं तयार झालं आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. ते उघडल्यावर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव विचारलं जातं. त्यानंतर नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक टाकून खातेदार शोधता येतो.

हा क्रम उगाच नाही. राज्यात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. त्यात सरळ आडनावानं शोधलं तर हजारो नावं निघतील. नागपूर जिल्हा निवडला की १४ तालुके उरतात. काटोल निवडलं की तालुक्यातली गावं उरतात. गाव निवडलं की काही शे खाती. प्रत्येक पायरीवर चाळणी बारीक होत जाते.

खाते क्रमांक आणि गट क्रमांक हे फक्त त्या गावापुरतेच असतात. खाते क्रमांक २१५ कोंढाळीतही असू शकतो आणि पारडसिंग्यातही. सावरगाव नावाची गावं तर महाराष्ट्रात कितीतरी तालुक्यांत आहेत. म्हणून सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत गावाचा कोडही छापला जातो. अॅप तुमचं वावर ओळखतं ते गावाचा कोड आणि गट क्रमांक मिळून. नाव फक्त आपल्याला वाचायला असतं.

त्यामुळे गाव चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. एका शेतकऱ्याची जमीन दोन गावांच्या शिवारात असेल, तर त्याचे आठ-अ दोन आणि खाते क्रमांकही दोन असतात. एका गावची पाहणी करून तो निश्चिंत राहिला, तर दुसऱ्या गावचं वावर नोंदीशिवाय राहतं.

नोंद सुटते त्या जागा

पहिली जागा हंगाम. संत्र्याची बाग ही बारमाही. ई-पीक पाहणीत हंगाम निवडताना खरीप आणि संपूर्ण वर्ष असे वेगळे पर्याय असतात. बागेची नोंद ‘संपूर्ण वर्ष’खाली असेल आणि यादी काढणाऱ्यानं चाळणीत फक्त ‘खरीप’ ठेवलं, तर बाग असूनही ती यादीत येणार नाही. संत्रा-मोसंबीच्या पट्ट्यात हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण फळपीक विम्यात बागेची नोंद पाहिली जाते.

दुसरी जागा मिश्र पीक. कपाशीत तुरीच्या ओळी हे काटोल-नरखेडकडचं नेहमीचं चित्र. अॅपमध्ये पिकाचा वर्ग ‘निर्भेळ’ की ‘मिश्र’ हे विचारलं जातं. घाईत ‘निर्भेळ’ निवडून फक्त कपाशी टाकली, तर तूर कागदावर नाहीच. हमीभावानं तूर विकायच्या वेळी पेरा दाखवायला जागा राहत नाही.

तिसरी जागा गटाचा पोटहिस्सा. वाटणीनंतर ४५ चा ४५/१ आणि ४५/२ होतो. जुनी पिकाची नोंद ४५ वर आणि नवा सातबारा ४५/१ चा, असं झालं की दोन वह्यांमधला धागा तुटतो. माणसाला कळतं की वावर तेच आहे. कॉम्प्युटरसाठी मात्र ४५ आणि ४५/१ हे दोन वेगळे गट.

चौथी जागा वारस. वडील वारले, वारसाचा फेरफार झाला नाही, तर खातं अजून त्यांच्याच नावावर दिसतं. मुलगा स्वतःचं नाव टाकून शोधत बसतो आणि अॅप ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणतं. इथे चूक अॅपची नाही, फेरफार अडलेला आहे.

पाचवी जागा नेटवर्क. रेंज नसताना भरलेली माहिती आधी मोबाईलमध्येच राहते आणि अपलोड झाल्यावर सरकारच्या सर्व्हरवर जाते. मोबाईलमध्ये दिसते म्हणजे तहसीलला दिसते असं नाही. अपलोड व्हायच्या आधी अॅप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा साफ केला, तर नोंद जाऊ शकते.

यादी कुठल्या वहीपासून सुरू केली?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा, एका गावात ३०० खातेदार आहेत. त्यातल्या २४० जणांनी पीक पाहणी केली, ६० जणांची राहिली. ‘गावातल्या शेतकऱ्यांची पिकांसह यादी काढा’ असं सांगितलं आणि यादी बारा नमुन्यापासून, म्हणजे पिकांच्या वहीपासून सुरू केली, तर २४० च नावं येतील. उरलेले ६० जण नुसते मागे पडत नाहीत, ते आहेत हेच यादीत दिसत नाही. यादी वाचणाऱ्याला ती पूर्णच वाटते.

तीच यादी आठ-अपासून, म्हणजे खातेदारांच्या वहीपासून सुरू केली, तर ३०० नावं येतील आणि ६० नावांपुढे पिकाचा रकाना रिकामा दिसेल. कोणाकडे जाऊन नोंद करून घ्यायची, ते त्या रिकाम्या रकान्यावरूनच कळतं. ई-पीक पाहणी अॅपमध्ये ‘गावाचे खातेदारांची पीक पाहणी’ हा पर्याय याच कामाचा आहे. तिथे पूर्ण गावाची यादी दिसते आणि पाहणी झालेले खातेदार वेगळ्या रंगात दिसतात. तारीख संपायच्या आठ दिवस आधी सरपंच, पोलीस पाटील किंवा गावातल्या एखाद्या तरुणानं ही यादी उघडून पाहिली, तर राहिलेल्यांना वेळेत सांगता येतं.

सामायिक खात्याचा गुणाकार

सामायिक खात्यात उलटा घोळ होतो. समजा, तिघा भावांच्या नावावर १.२० हेक्टरचा एक गट आहे आणि त्यात सोयाबीन. सातमध्ये तीन नावं, बारामध्ये पीक एक. दोन वह्या जोडल्या की ओळी तीन होतात आणि प्रत्येकीत १.२० दिसतं. बेरीज घेतली तर ३.६० हेक्टर. जमीन वाढली नाही, ओळ तीनदा मोजली गेली. म्हणून क्षेत्राची बेरीज गटावरून घ्यायची, नावावरून नाही. सामायिक खात्यात कोणी कोणतं क्षेत्र नोंदवायचं, हेही भावांनी आधी आपसात ठरवलेलं बरं. नाहीतर एकानंच पूर्ण क्षेत्र भरलं, तर दुसऱ्याला नोंदवायला क्षेत्र शिल्लक दिसत नाही.

अॅप बनवणाऱ्या पोरांसाठी

काटोल परिसरातही आता पोरं शेतकरी गटांसाठी, बचत गटांसाठी छोटी अॅप बनवायला लागली आहेत. अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हींत एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आधीपासूनच असतो. तक्ते जोडून त्यावर चाळणी लावायचं काम तो मोबाईलमध्येच करतो. त्यात एक खड्डा हमखास लागतो.

समजा, ‘एक हेक्टरपेक्षा जास्त सोयाबीन असलेले शेतकरी’ हवे आहेत. एका शेतकऱ्याकडे एका गटात ०.४० हेक्टर सोयाबीन आणि दुसऱ्या गटात १.२० हेक्टर संत्रा आहे. चाळणी ढिली लिहिली, म्हणजे ‘कुठेतरी सोयाबीन आहे’ आणि ‘कुठेतरी एक हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र आहे’ अशा दोन अटी सुट्या लावल्या, तर हा शेतकरीही यादीत येतो. पीक आणि क्षेत्र या दोन्ही अटी पिकाच्या एकाच ओळीवर लागल्या पाहिजेत. कोणाला सगळ्या गटांतलं सोयाबीन मिळून एक हेक्टर हवं असेल, तर आधी बेरीज, मग अट. बोलताना दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, पण यादी वेगळी येते. म्हणून अॅप लिहायच्या आधी यादी मागणाऱ्यालाच विचारून घ्यावं की त्याला नेमकं कोण हवं आहे.

तपासायची सोपी रीत अशी. ओळखीच्या पाच-सहा खात्यांचा डेटा घ्या. त्यात एक सामायिक खातं, एक दोन गावांतलं खातं, एक पीक न नोंदवलेलं आणि एक मिश्र पिकाचं असू द्या. यादी आधी कागदावर हातानं काढा, मग अॅपची काढा. दोन्ही जुळल्या, तरच पुढे जा.

आता ही नोंद कशाकशाला लागते

शेतकरी ओळख क्रमांक आल्यापासून जोडायची वही आणखी एक वाढली. राज्यात कृषी योजनांसाठी हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला. खरीप २०२५ पासून पीक विम्यातही ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी पाहिली जाते. सीसीआयला कपाशी विकायची तर त्याच वर्षापासून ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी आणि त्यासाठी जमिनीची, पेऱ्याची कागदपत्रं लागतात. म्हणजे एक जोड तुटला, तर एकाच वेळी दोन-तीन दारं बंद होतात. ओळख क्रमांक काढताना एखादा गट जोडायचा राहिला असेल, तर त्या गटातलं पीक तुमच्या नावापर्यंत पोहोचत नाही.

नाव सापडत नसेल तर या क्रमानं पाहा

१. गाव आणि तालुका बरोबर निवडलाय का? दोन गावांत जमीन असेल तर दोन्ही ठिकाणी पाहा.

२. नावानं सापडत नसेल तर खाते क्रमांकानं, मग गट क्रमांकानं शोधा. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक वेलांटी चुकली तरी नाव लागत नाही, नंबर मात्र लागतो.

३. आठ-अ काढा आणि त्यातला प्रत्येक गट मोजा. जितके गट, तितक्या पाहण्या झाल्यात का?

४. वर्ष, हंगाम आणि पिकाचा वर्ग तपासा. बाग असेल तर ‘संपूर्ण वर्ष’खालीही पाहा.

५. नोंद अपलोड झाली का ते पाहा. चूक असेल तर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येते, म्हणून पाहणी केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी नोंद परत उघडून बघा.

६. शेतकरी ओळख क्रमांकाला सगळे गट जोडलेत का ते पाहा.

७. इतकं करूनही नोंद दिसत नसेल, तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जाताना आठ-अ, सातबारा आणि अॅपचा स्क्रीनशॉट सोबत न्या. ‘नाव येत नाही’ एवढंच न सांगता ‘या गटाची, या हंगामाची नोंद दिसत नाही’ असं सांगा. कोणती वही उघडायची ते त्यांना लगेच कळतं.

ऑनलाइन सातबारा फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीसाठी. कामाला लागणारा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पाहणी झाल्यानंतर तो एकदा काढून बारा नमुन्यात आपलं पीक, क्षेत्र आणि हंगाम उमटलाय का ते वाचून घ्यावं. अॅपवरचा हिरवा रंग पाहून थांबू नये, कारण विमा, खरेदी आणि मदत देणारे शेवटी हाच रकाना पाहतात.