स्वमग्न मुलांचा आहार : काय वर्ज्य करावे आणि केव्हा?

बोलू न शकणाऱ्या मुलाच्या पोटात दुखू लागले, तर ते कसे सांगणार? स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या मुलांच्या आहाराचा विचार या प्रश्नापासून सुरू करावा लागतो. जेवणानंतर डोके आपटून घेणे, रात्र रात्र जागणे, ताट दिसताच किंचाळणे या गोष्टी मुलाच्या स्वभावाचा भाग समजून सोडून दिल्या जातात. प्रत्यक्षात त्यामागे बद्धकोष्ठता, आम्लपित्त किंवा एखाद्या अन्नपदार्थाची ॲलर्जी असू शकते. अमेरिकेतील १९९७ ते २०१६ या काळातील आरोग्य सर्वेक्षणांत सुमारे दोन लाख मुलांच्या पालकांनी दिलेल्या माहितीनुसार स्वमग्न मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण ११ टक्क्यांहून किंचित अधिक, तर इतर मुलांमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आढळले. ॲलर्जीमुळे स्वमग्नता येते असा याचा अर्थ नाही. मात्र या मुलांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करता कामा नये, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पालकांच्या कानावर मात्र वेगळाच सल्ला येतो : गहू आणि दूध बंद करा, मूल सुधारेल. या सल्ल्याचे मूळ १९७९ साली याक पांकसेप या शास्त्रज्ञाने मांडलेल्या एका गृहीतकात आहे. स्वमग्नतेतील काही लक्षणे मेंदूतील अफूसदृश द्रव्यांच्या अतिरेकाशी जोडता येतील, असा त्याचा आशय होता. पुढे गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन या प्रथिनांचे अर्धवट पचलेले अंश अशाच तऱ्हेचा परिणाम करतात, असे मानले जाऊ लागले. कल्पना आकर्षक होती; परंतु काटेकोर चाचण्यांत ती टिकलेली नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधकांनी १४ लहान मुलांना ग्लुटेन व केसीनविरहित आहारावर ठेवून, कोणालाही कळू न देता मधूनमधून ते पदार्थ दिले. वर्तन, झोप किंवा शौचाच्या सवयी यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. हा अभ्यास लहान होता, हे खरे; पण या आहाराच्या बाजूचा पुरावाही भक्कम नाही.

वर्ज्य आहाराची किंमत

'करून पाहायला काय हरकत आहे', असे म्हटले जाते. हरकत आहे. अनेक स्वमग्न मुले मुळातच चार-पाच पदार्थांवर जगतात. पदार्थाचा रंग, वास, कुरकुरीतपणा जरा बदलला तरी ती ताट सारतात. पंजाब-हरियाणातील एखादे मूल पोळी आणि दूध यांवरच, तर तमिळनाडूतील एखादे दहीभातावरच तगून असते. त्यातून दूध-दही काढून घेतले तर शाकाहारी घरात कॅल्शियम, उत्तम प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचा मुख्य स्रोतच नाहीसा होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी आढळली आणि दूध वर्ज्य असलेल्यांत ही उणीव अधिक होती. अतिमर्यादित आहारामुळे स्वमग्न मुलांना 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

म्हणून आधी निदान, मग पथ्य. येथे तीन विकारांची गल्लत होते. दुधातील साखर न पचल्याने पोट फुगते, जुलाब होतात. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या प्रथिनावर उलटते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून जीवावर बेतते. अशा वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच उपचार असल्याने मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या मुलाला म्हशीचे किंवा शेळीचे दूधही बहुधा चालत नाही. तिसरा विकार सिलिॲक. यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. रक्तातील 'आयजीजी' मोजून दहा-वीस पदार्थ वर्ज्य ठरवणाऱ्या महागड्या तपासण्यांना ॲलर्जीतज्ज्ञ निदानासाठी ग्राह्य मानत नाहीत.

सिलिॲकचे निदान झाल्यावर मात्र पथ्य कडक असावे लागते आणि भारतीय स्वयंपाकघरात ते वाटते तितके सोपे नसते. पोळी, रवा, शेवया, दलिया टाळले जातात. पण बाजारातील हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठ सुरक्षित राहत नाही. 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. वेष्टनावर दूध, शेंगदाणे, सोयाबीन आदी ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेखही बंधनकारक आहे. पर्याय देशी आहेत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, राजगिरा यांत ग्लुटेन नसते. दूध बंद करावे लागलेल्या मुलासाठी नाचणी उपयोगी पडते; १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तथापि ते दुधातल्याइतके सहज शोषले जात नाही आणि ब-१२ ची उणीव नाचणी भरून काढत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध द्यावे लागते. नवा पदार्थ मुलाच्या ओळखीच्या आकारात, चमचाभर आणि रोज त्याच वेळी ठेवला, तर आठवड्यांनी का होईना, तो स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते.

तपासणीसाठी मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात आणि पुढील निदानासाठी जिल्हा केंद्रांकडे पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

शाळेच्या पंगतीत मात्र कागदावरचे निदान पुरेसे पडत नाही. अंड्याची ॲलर्जी असलेले बोलके मूल 'मला नको' म्हणू शकते. न बोलणारे मूल वाढपी घालेल ते खाते किंवा ताट फेकते आणि हट्टी ठरते. अशा मुलाला काय वाढायचे नाही, हे लिहिलेले कार्ड शिक्षकाकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि मुलाच्या दप्तरात, अशा तिन्ही ठिकाणी असावे लागते. वाढपी बदलला की नव्या माणसाला ते पुन्हा समजावून सांगावे लागते.