पापुद्र्यांची यादी

एखाद्या नटाच्या किंवा दिग्दर्शकाच्या सगळ्या चित्रपटांची वर्षवार यादी म्हणजे फिल्मोग्राफी, आपली चित्रपटसूची. शब्द तसा कोवळाच. इंग्रजीत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला; साचा मात्र ग्रंथसूचीचा, म्हणजे 'बिब्लिओग्राफी'चा. जॅझवेड्यांनी त्याआधीच तो साचा उचलला होता: शार्ल दलोने यांची 'हॉट डिस्कोग्राफी' ही ध्वनिमुद्रिकांची सूची 1936 ची.

'ग्राफी'चं मूळ ग्रीक, अर्थ लिहिणं. खरी गंमत आहे ती 'फिल्म'मध्ये. जुन्या इंग्रजीत 'फिल्मेन' म्हणजे पापुद्रा, अंगातली पातळ त्वचा! छायाचित्रकार काचेवर रसायनाचा थर चढवू लागले तेव्हा त्या थराला हे नाव मिळालं. थर सेल्युलॉइडच्या पट्टीवर गेला तशी ती पट्टीच फिल्म झाली आणि शेवटी पट्टीवरची अख्खी गोष्ट. स्पॅनिश लोक तर आजही चित्रपटाला 'पेलिकुला' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ इवलीशी कातडी.

आपला 'चित्रपट' वेगळ्याच वाटेनं आला. पट म्हणजे वस्त्र. इंग्रजी-स्पॅनिश बोलणाऱ्यांनी प्रकाश ज्यातून आरपार जातो त्या पट्टीवरून नाव ठेवलं, आपल्या शब्दात मात्र प्रकाश झेलणारं कापड आहे. मला आपलं नाव जास्त आवडतं, कारण प्रेक्षक पाहतो ते कापडच.

पण कातडीचे गुण त्या पट्टीत होतेच. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, न पेटली तर आपोआप कुजायची. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले हाताशी उरले अगदी थोडे. पहिला बोलपट 'आलम आरा' (1931), त्याचीही प्रत सापडत नाही. अशा चित्रपटांचा पत्ता लावायचा तर जुन्या जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी, गाण्यांच्या पुस्तिका चाळत बसावं लागतं. फिरोज रंगूनवाला यांनी 1970 मध्ये मूकपट आणि हिंदी चित्रपटांची अशी थोरली सूची प्रसिद्ध केली. त्यातली कितीतरी नावं आता नावंच आहेत. मागे चित्रपट नाही.

आणि चित्रपट उरला तरी कोडं सुटतंच असं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या सूचीत राजा हरिश्चंद्राची कथा 1913 मध्ये येते, 1917 मध्ये पुन्हा येते. आज जपून ठेवलेली रिळं यातल्या कुठल्या नोंदीखाली टाकायची, यावर अभ्यासकांत वाद आहे.