डोळ्यांचीं मुलें आणि कानांचीं मुलें

इंग्रजीच्या वर्गांत कोणी मुलगा शब्द एकदां ऐकतो आणि उचलतो. कोणास तो वहींत दहा वेळां लिहिल्यावांचून ध्यानांत राहत नाहीं. हें प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाचें आहे. यावरूनच विद्यार्थ्यांचे वर्ग पाडण्याची कल्पना निघाली. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनीं १९९२ सालीं पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे व हातांनीं करून पाहणारे असे चार प्रकार एका सहकाऱ्यासमवेत मांडले, आणि ही वांटणी जगभर शिक्षकांस प्रिय झाली.

मीहि तिच्या मोहांत सांपडलों. एका वर्षीं मीं वर्गाचे दोन भाग केले. डोळ्यांच्या मुलांस चित्रें व फळ्यावरील शब्द; कानांच्या मुलांस संभाषण व गाणीं. (रविवारच्या शाळेंत गाणीं शिकविण्याचा सराव असल्यामुळें हें दुसरें काम मला विशेष आवडे, हें कबूल केलें पाहिजे.) वर्ग मोठा प्रसन्न दिसे. परंतु सहामाही परीक्षेंत कानांच्या भागांतील एका हुशार मुलानें रात्र या अर्थाचा ‘नाइट’ आणि जुन्या काळचा सरदार या अर्थाचा ‘नाइट’ हे दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगनें लिहिले. दुसऱ्याच्या दारांत उभा असलेला मुका ‘के’ कानास ऐकूं यावा तरी कसा? तो डोळ्यांनींच पाहावयाचा असतो, आणि तें मींच त्यास पाहूं दिलें नव्हतें. उलट डोळ्यांच्या भागांतील एक मुलगी बंडी या अर्थाचा ‘वेस्ट’ आणि पश्चिम या अर्थाचा ‘वेस्ट’ अचूक लिहीत असे. उच्चार मात्र दोहोंचा आपल्या मराठी ‘व’नेंच करी.

पुढें वाचनांत आलें कीं, २००८ सालीं अमेरिकेंतील हॅरॉल्ड पॅशलर प्रभृति चौघां मानसशास्त्रज्ञांनीं या मताची कसून तपासणी केली होती. मुलांच्या आवडी भिन्न असतात, हें त्यांनीं नाकारलें नाहीं. परंतु आवडीनुरूप पद्धतीनें शिकविल्यास त्या त्या मुलास अधिक येतें, यास पुरेसा पुरावा त्यांस आढळला नाहीं. ज्या थोड्या प्रयोगांची रचना निर्दोष होती, त्यांतील कित्येकांचा निष्कर्ष उलटच होता.

म्हणून सर्वांस एकाच चाकोरींतून हांकावें, असें मात्र नव्हे. एकास अक्षरओळखच कच्ची असते, दुसऱ्यास सर्व येत असून चारचौघांत बोलण्याची भीति वाटते. या दुसऱ्यास मी प्रथम शेजारच्या मुलाशींच बोलावयास लावतों. कांहीं अडचणी तर साऱ्या वर्गाच्या असतात. मराठींत ‘द’सारखें उपपद नाहीं, तेव्हां त्याचा सराव सर्वांनाच हवा. चूक कोणती आणि ती कोठून आली, हें पाहून मी आतां पद्धति ठरवितों. मूल कोणत्या जातीचें, हें विचारीत नाहीं.

माझ्या टेबलाच्या खणांत आतां एक हातआरसा असतो. ‘व्ही’चे शब्द म्हणतांना वरचे दांत खालच्या ओंठास लागतात कीं नाहीं, आणि ‘डब्ल्यू’च्या शब्दांना ओंठांचा चंबू होतो कीं नाहीं, हें सारा वर्ग पाळीपाळीनें त्यांत पाहतो.