कापसाची माती, मडक्याची माती

परभणीच्या काळ्या रानात उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. शेतकऱ्याला त्याचं काही वाटत नाही. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, रान आपोआप खालीवर होतं. कुंभार मात्र त्या भेगांकडे वेगळ्या नजरेनं बघतो. रानात फुटणारी माती माठातही फुटणारच.

बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचा अंश काही ठिकाणी निम्म्याहून जास्त असतो, आणि तोही स्मेक्टाइट जातीचा. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकताना तितकीच आकसते. कापसाला लागणारी ओल धरून ठेवण्याचा हा गुणच चाकावर अवगुण ठरतो.

म्हणून निवड आली. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची पोयट्याची माती किंवा तळ्यातला गाळ, त्यात बेताची काळी. पारख साधी आहे: बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर चिकटपणा कमी, बोट सोडेना तर फार. मग ओल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढून ती सावलीत वाळवा. रेघ 9 पर्यंत राहिली तर निभतं. त्याहून आखडली तर वाळू, राख किंवा घोड्याची लीद मिसळा. लीद भट्टीत जळते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. कमी आचेच्या मातीची सच्छिद्रता आणि या पोकळ्या यांतूनच माठाचं पाणी पाझरतं, बाहेर उडून जातं आणि आतलं गार होतं.

या मुलखातला खरा वैरी चुनखडीचा खडा. ज्वारीएवढा जरी राहिला तरी भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. मडकं बाहेर येतं तेव्हा ठणठणीत असतं. पुढे हवेतला दमटपणा पिऊन तो चुना फुगतो आणि वरचा टवका उडवतो. विकलेलं मडकं असं फुटलं तर बोल कुंभारालाच. म्हणून माती वाळवून कुटायची, चाळायची, भिजत घालायची आणि मग पायांनी तुडवायची. कुंभार संत गोरोबाकाकांच्या कथेत तुडवण्याचं भान सुटतं. एरवी ते सुटून चालत नाही, कारण पायाखाली खडा कळला तर तिथंच वेचता येतो.

भाजणीत घाई नडते. पहिली धग अगदी मंद हवी, कारण आत दडलेल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. इथलं हक्काचं सरपण म्हणजे गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या. उघड्या भट्टीची आच साधारण 800 अंशांच्या आसपास. हवा भरपूर मिळाली की मातीतलं लोह तांबडं होतं. भट्टी कोंडली की तीच माती काळी निघते.

पोळ्याचे बैल या साऱ्या कटकटीतून सुटलेले. ते कच्चेच पुजायचे, त्यामुळे रानातली काळी माती चालते. शिंगाला चीर गेली तर ओलं बोट फिरवलं की झालं. पण असा बैल भाजायचा म्हटलं की भरीव पोट आडवं येतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथं सापडलेल्या सातवाहनकाळच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती बघा: दोन अर्धे साच्यातून काढून जोडलेले, आतून पोकळ. बैलालाही तोच उपाय. पोट कोरून काढायचं, भिंत करंगळीएवढी ठेवायची आणि खालून वाफेला एक भोक.