उपवास न करणं हाही उपवासच का?

परवा आमच्या घरी चांगलंच वाजलं. निमित्त झेंडूच्या हाराचं.

दर १४ जुलैला आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आगरकरांच्या फोटोला हार घालतात. आगरकर म्हणजे 'सुधारक'वाले गोपाळ गणेश आगरकर. त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, ही तारीख आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. जिवंत असताना ज्या माणसाची पुण्यातल्या सनातनी लोकांनी प्रेतयात्रा काढली, आणि स्वतःच्या डोळ्यांनी ती पाहूनही जो लिहीत राहिला, त्याचा फोटो मामाजींच्या खोलीत गेली पन्नास वर्षं आहे. देवाचा मात्र एकही नाही. मामाजी पक्के नास्तिक. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत, आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आमच्या लग्नात मंगलाष्टकं नव्हती की सत्यनारायण नव्हता. माहेरच्या बायकांनी मला तेव्हा 'बिचारी' म्हणून पाहिलं होतं, ते आठवतं.

तर त्या दिवशी मामाजींनी फोटो पुसला, हार घातला, दोन पावलं मागे सरून क्षणभर उभे राहिले. माझी लेक नागपूरला शिकते, शनिवार-रविवार जोडून आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "आबाजी, आता उदबत्ती लावू का?"

मी डोळे वटारले. मामाजी मात्र हसले. म्हणाले, "मी आगरकरांकडे काही मागत नाही बेटा. मागणं आलं की पूजा होते. ही नुसती आठवण आहे."

इथवर ठीक होतं. पण लेक कशाला थांबते! ती म्हणाली, "मग पुरणपोळीचं काय?"

हे पुरणपोळीचं प्रकरण सांगायलाच हवं. आम्ही वर्ध्याचे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, पश्चिमेकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच. आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या चुलतसासऱ्यांकडे हिंगणघाटला असतात. सासूबाई दरवर्षी चार दिवस आधी तिकडे जातात. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, सगळ्यात हात असतो त्यांचा. जेवणाच्या दिवशी आम्हीही जातो. मामाजीही येतात, नाही असं नाही. पण त्यांची एक अट असते. त्यांचं ताट नैवेद्य दाखवायच्या आधी वाढायचं. नैवेद्यानंतरची पोळी ते खात नाहीत, कारण तो प्रसाद झाला.

लेक म्हणाली, "आबाजी, पोळी तीच, पुरण तेच. नैवेद्य दाखवल्यावर त्या पोळीत काहीतरी बदलतं, असं आजी मानते. आणि तुम्हीही तेच मानता! नाहीतर नंतरची खायला काय हरकत आहे? तुमचंही सोवळंच आहे की. नास्तिकपणा हीसुद्धा एक श्रद्धाच झाली मग."

मामाजी काही बोलले नाहीत. खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. दुपारी जेवायला आले नाहीत. सासूबाई गुडघे धरत उठल्या आणि नातीला म्हणाल्या, "तू काहून त्यांना असं बोलून राहिली गं? त्यांचं तेवढंच तर आहे."

'त्यांचं तेवढंच तर आहे' हे शब्द माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिले. देवाबद्दल आपण जसं बोलतो, तशाच सुरात त्या नवऱ्याच्या नास्तिकपणाबद्दल बोलल्या होत्या.

आता मी स्वतः कुठल्या गटातली, हे विचाराल तर अधलीमधली. सोमवार करते, पण का करते ते सांगता येणार नाही. लेकीच्या बारावीच्या वेळी गणपतीला गुपचूप नारळ फोडला होता. आणि मामाजींच्या कपाटातली पुस्तकंही वाचते. दुपारी सगळं शांत झाल्यावर तेच कपाट उघडून बसले.

एक गंमत सापडली. 'नास्तिक' या शब्दाचा आपण जो अर्थ धरतो, तो जुन्या काळी नव्हताच. शास्त्रकारांच्या लेखी वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. म्हणून जैन आणि बौद्ध दर्शनं चार्वाकाबरोबर नास्तिकांच्या पंगतीला बसली. उलट सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून ती आस्तिक! म्हणजे देव न मानताही पूर्वी माणसाला आस्तिक म्हणवून घेता येत होतं. त्याहून मागे पाणिनीच्या व्याकरणात तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी, एकाच सूत्रातून येतात. 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं ज्याचं मत तो नास्तिक. काय आहे किंवा नाही? तर टीकाकार सांगतात, परलोक. पाणिनीने दोघांनाही 'मति' हा एकच शब्द वापरला आहे, हे वाचून वाटलं, लेकीला दाखवावं.

पण मग मीच स्वतःशी भांडायला लागले. मत आणि श्रद्धा एकच का? मी सोमवारी जेवत नाही, हा माझा उपवास. शेजारची सोमवारी रोजच्यासारखी जेवते, तर 'तिचा न-उपवासाचा उपवास आहे' असं कुणी म्हणतं का? ती फक्त जेवते. तसंच एखादा देव मानत नसेल तर तो मानत नाही एवढंच. त्याला जबरदस्तीने श्रद्धावंतांच्या यादीत बसवण्यात आपलाही थोडा डाव असतो. बघा, तुम्हीही आमच्यासारखेच, असं म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं. पण शेजारीण 'मी सोमवारी जेवते हो' असं दारोदार सांगत फिरायला लागली, साबुदाण्याला हात लावेनाशी झाली, उपवास करणाऱ्यांच्या पंगतीतून उठून जायला लागली, तर मात्र मी म्हणेन, बाई गं, हा उपवासच झाला तुझा, उलटा.

मामाजींचं थोडं थोडं दोन्ही आहे. २०१९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. नातेवाईक आपसात कुजबुजत होते, आता आठवेल बघा देव. स्ट्रेचरवरून आत नेताना मामाजी डॉक्टरांना विचारत होते, स्टेंट कुठल्या धातूची असते हो? सासूबाईंनी तेव्हा माहूरच्या रेणुकेला नवस बोलला होता. तो फेडायला मी आणि त्या 'बहिणीकडे जातो' सांगून गेलो होतो. मामाजींना कळलं नसेल असं नाही. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांमागे सासूबाईंची पितळी अन्नपूर्णा आहे, ते फिरायला गेले की तिच्यापुढे दिवा लागतो, हेही त्यांना पन्नास वर्षं माहीत आहे. परत येताना ते फाटक जरा जोरात वाजवतात.

मामाजींचं आणखी एक आवडतं ठिकाण म्हणजे सेवाग्राम. घरापासून आठ किलोमीटर. आगरकरांचा भक्त (हा शब्द त्यांना चालणार नाही!) आश्रमात कशाला जातो, असं मी लग्नानंतर विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला गोरांची गोष्ट सांगितली. गोपराजू रामचंद्र राव, आंध्रातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी त्यांच्या नोकऱ्या गेल्या. १९४० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सरस्वती यांनी नास्तिक केंद्र सुरू केलं, पुढे ते विजयवाड्याला आलं. हे गोरा गांधीजींना भेटायला सेवाग्रामला आले. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा म्हातारा आणि देव साफ नाकारणारा हा माणूस, दोघांची गट्टी जमली. माझं आस्तिक असणं बरोबर आणि तुमचं नास्तिक असणं चूक असं मी म्हणू शकत नाही, अशा अर्थाचं गांधीजी त्यांना म्हणाले होते.

गोरांच्या थोरल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं. ते सेवाग्रामला लावून द्यायचं गांधीजींनी कबूल केलं. पण विधीत देवाचं नाव यायचं, त्याचं काय? गांधीजींनी मार्ग काढला, देवाच्या जागी सत्याचं नाव घेऊ. पुढे ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. तरी ठरल्याप्रमाणे त्याच वर्षी मार्चमध्ये लग्न सेवाग्रामलाच लागलं.

ही गोष्ट सांगताना मामाजींचा आवाज दर वेळी थोडा बदलतो. तसाच तो २० ऑगस्टलाही बदलतो. २०१३ साली त्या दिवशी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. देव मानणाऱ्यांना त्यांचा विरोध नव्हता, देवाच्या नावाने फसवणाऱ्यांना होता, हे मामाजी कितीदा तरी सांगतात. पण दाभोलकर जो फरक करत, तो मामाजींना स्वतःच्या घरात जमला नाही, असं मला नेहमी वाटत आलं. अर्थात तोंडावर कधी बोलले नाही.

रात्री भाकरी थापताना सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसल्या होत्या. लेक विचारत होती, "आजी, आपल्या घरच्या महालक्ष्म्या हिंगणघाटला गेल्या कशा?"

मला वाटलं, त्या टाळतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबाच्या आधी मला एक मुलगी होती."

एवढं मलाही माहीत होतं. पुढचं नव्हतं. १९७३ चा पावसाळा. मामाजी शाळेच्या कामाला नागपूरला गेले होते. गावाकडच्या घरी चार वर्षांच्या पोरीला रात्री झोपेत मण्यार चावला. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, देवळात न्यायचं. तिला बैलगाडीत घालून शेजारच्या गावी नेलं, पारावर ठेवलं, कडुलिंबाचा पाला अंगावरून फिरवत राहिले. सकाळी मामाजी पोचले. तिथून दवाखान्यात नेईतो पोर गेली होती. दोन महिन्यांनी महालक्ष्म्या आल्या तेव्हा मामाजींनी वडिलांना सांगितलं, या घरात आता नाही. धाकट्या दिरांनी मुखवटे उचलून आपल्याकडे नेले.

"ते रागावले, आणि मग आयुष्यभर रागावूनच बसले," सासूबाई म्हणाल्या. "मी कोणावर रागावू? मांडीवर तर माझ्याच होती ती."

मग त्यांनी सांगितलं की महालक्ष्म्यांसोबत जी दोन बाळं बसवतात, त्यातल्या मुलीचा फ्रॉक दरवर्षी त्याच शिवून नेतात. चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा. बाळीला तो मोठा होतो, म्हणून मागून टाचण्या लावाव्या लागतात. मी इतकी वर्षं त्या टाचण्या पाहत आले होते. मला वाटायचं, सासूबाईंना माप जमत नाही.

लेक गप्प झाली. तव्यावरची भाकरी जळाली ती वेगळीच.

सकाळी मामाजी नेहमीप्रमाणे फिरून आले. फाटक वाजलं. चहा घेताना नातीला म्हणाले, "पोळीचं तू बरोबर बोललीस. मी रात्री विचार केला. पोळी ही पोळीच असते. यंदा नंतरची खाईन." मग थोडं थांबून, "पण श्रद्धा म्हणू नकोस. पुरावा दिलास, मी बदललो की नाही?"

लेक म्हणाली, "आबाजी, मग आणखी एक. आजीचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, आणि हिंगणघाटचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. यंदा आजी जाऊ शकणार नाही."

यावर मात्र मामाजी एकदम म्हणाले, "या घरात नाही."

"घर आजीचं नाही का?"

कुणीच काही बोललं नाही. हे पेपरात तोंड घालून बसले, असे प्रसंग आले की आमच्या घरातले पुरुष पेपर वाचतात. मीच बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा मामाजींपुढे असं बोलले. म्हटलं, "मामाजी, गांधीजींनी गोरांच्या मुलीसाठी देवाचं नाव काढलं. आईंसाठी तुम्ही तीन दिवस ते येऊ द्या. तुम्ही नमस्कार करू नका."

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. रागावले असं वाटलं नाही, पण खूशही नव्हते. दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. लेक नागपूरला परत गेली. तिसऱ्या दिवशी चुलतसासऱ्यांचा फोन आला तो मामाजींनीच घेतला, आणि 'मुखवटे कधी आणून देतोस' एवढंच विचारून ठेवला. मग सासूबाईंना म्हणाले, "मी नमस्कार करणार नाही."

"तुम्हाला सांगितलं कोणी करायला?" त्या म्हणाल्या.

त्यांना हे सगळं पटलंय, असं मी म्हणणार नाही. अधूनमधून धुसफुसत असतात. त्या लोखंडी स्टँडना जागा कुठून आणणार, सोळा भाज्या कोण निवडणार. महालक्ष्म्यांना अजून दोन महिने आहेत. मी यादी करायला घेतलीय: दोन साड्या, खण, पाट, समया घासून घेणं. काल यादी वाचत होते तर मामाजी चष्मा लावून शेजारी बसले होते. 'फ्रॉकचं कापड' असं वाचल्यावर त्यांनी विचारलं, "किती लागतं?"

"एक मीटर," सासूबाई आतून म्हणाल्या.