गॉस्पेल कशाला म्हणावे? : डव्ह पुरस्कारांची वाटचाल

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरात दर वर्षी ऑक्टोबरमध्ये होणारा 'डव्ह पुरस्कार' सोहळा वरवर पाहता संगीतव्यवसायातील इतर वार्षिक सोहळ्यांसारखाच दिसतो; नामांकने, पाकिटातून निघणारी नावे, आभाराची भाषणे आणि अधूनमधून गाणी, हा सारा सरंजाम तेथेही असतो. परंतु ज्या संगीताचा तेथे गौरव होतो ते मुळात उपासनेसाठी आणि धर्मप्रसारासाठी जन्मले असल्यामुळे, आणि भक्तीला क्रमांक लावावा काय हा संकोच त्याची साथ कधीच सोडत नसल्यामुळे, या पुरस्कारांच्या इतिहासात विजेत्यांच्या यादीपेक्षा पात्रतेच्या नियमांनाच अधिक अर्थ प्राप्त झाला आहे. कोणते गाणे गॉस्पेल आणि कोणते नव्हे, हे ठरवायचे कोणी, हा त्या इतिहासाचा खरा विषय आहे.

'गॉस्पेल' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'चांगली बातमी' या अर्थाच्या जोडशब्दावरून आला असून, मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'शुभवर्तमान' आणि 'सुवार्ता' असे दोन शब्द रूढ आहेत. संगीताच्या संदर्भात त्याचा प्रसार झाला तो १८७० च्या दशकात, जेव्हा धर्मप्रचारक ड्वाइट मूडी यांच्या विराट धर्मसभांमध्ये आयरा सँकी आणि फिलिप ब्लिस यांची सोपी, ध्रुपदाची, लगेच पाठ होणारी गीते गायली जाऊ लागली आणि १८७५ मध्ये त्या दोघांच्या गीतसंग्रहाच्या नावातच हा शब्द आला. जुने स्तोत्र देवाला उद्देशून गायिले जाई, तर हे नवे गीत बहुधा शेजारी बसलेल्या माणसाला उद्देशून, त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी गायिले जाई. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात प्रभूने काय केले याची चारचौघांत दिलेली कबुली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनाही हा शब्द परिचयाचा आहे.

पुढे या संगीताचे दोन प्रवाह झाले आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदाने ते एकमेकांपासून दूर ठेवले. गोऱ्यांचा प्रवाह खेड्यापाड्यांतील गायनशाळांतून वाहिला, जेथे स्वरलेखनातील प्रत्येक स्वराला त्रिकोण, चौकोन, गोल असा वेगळा आकार देऊन, संगीताचे शिक्षण नसलेल्या शेतकऱ्यालाही कागदावरून गाता येईल अशी सोय केलेली असे. अशा लिपीतील गीतपुस्तके छापणारे टेनेसीतील लॉरेन्सबर्गचे जेम्स व्हॉन यांनी १९१० मध्ये पुस्तकांच्या विक्रीसाठी चार गायकांचा पगारी संच गावोगावी पाठवला, आणि त्यातून 'क्वार्टेट' ही संस्था उभी राहिली. (मराठीत 'चौकडी' या शब्दाला जो वास चिकटला आहे तो पाहता येथे परका शब्दच बरा.) थोड्याच काळात पुस्तके मागे पडून गायकच विकले जाऊ लागले, ही गोष्ट पुढील साऱ्या कहाणीची नांदी मानता येईल.

कृष्णवर्णीयांच्या प्रवाहाला त्याचे आधुनिक रूप दिले ते थॉमस डॉर्सी यांनी. १८९९ मध्ये जॉर्जिया राज्यात जन्मलेले डॉर्सी हे एके काळी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणारे, मा रेनी या विख्यात गायिकेला पियानोची साथ करणारे कलावंत होते. १९३२ मध्ये पत्नी बाळंतपणात आणि पाठोपाठ नवजात मूलही दगावल्यानंतर त्यांनी रचलेले 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत जगभर पोहोचले. शिकागोच्या पिलग्रिम बाप्टिस्ट मंडळीत त्यांनी ब्लूजचे वळण उपासनेत आणले, तेव्हा कित्येक पाळकांनी त्याला बाजारू ठरवून दार लावून घेतले. याच सुमारास अहमदनगरकडे नारायण वामन टिळकांची ओवी-अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती पदे उपासनेत रुळून गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे देवाच्या घरात कोणत्या चालीला प्रवेश द्यावा हा प्रश्न केवळ शिकागोचा नव्हता हे ध्यानी येते.

डव्ह पुरस्कार जन्मले ते मात्र पूर्णतः पहिल्या प्रवाहातून. ब्लॅकवुड ब्रदर्स या क्वार्टेटचे खर्जातील गायक जे. डी. समनर आणि जेम्स ब्लॅकवुड यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये मेम्फिस येथे नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन हे वार्षिक संमेलन सुरू झाले, आणि त्याच वर्तुळातून १९६४ मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशन ही व्यावसायिक संघटना निघाली. गीतकार बिल गेदर यांनी १९६८ मध्ये संघटनेच्या संचालक मंडळापुढे पुरस्काराची कल्पना मांडली. चिन्ह म्हणून कबुतराची निवड झाली, कारण यार्देन नदीवर येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरल्याचे वर्णन चारही शुभवर्तमानांत आहे. पहिला सोहळा ऑक्टोबर १९६९ मध्ये मेम्फिसच्या पीबॉडी हॉटेलात पार पडला; ज्या हॉटेलाची ख्याती मुख्य दालनातल्या कारंज्यापर्यंत रोज मिरवत नेल्या जाणाऱ्या बदकांमुळे आहे तेथे कबुतराचा पुरस्कार जन्मावा, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

त्या पहिल्या वर्षी गीताचा मान मिळाला तो आर. ई. विन्सेट यांच्या 'जीझस इज कमिंग सून' या १९४२ च्या रचनेला, आणि रचनाकार स्वतः १९५२ मध्येच निवर्तले होते. सर्वोत्तम गायिका ठरलेल्या व्हेस्टल गुडमन या कौटुंबिक गायनसंचातून आलेल्या होत्या, तर ध्वनिमुद्रिकेचा पुरस्कार ओक रिज बॉइज यांना मिळाला, जे पुढे दशकभरात गॉस्पेल सोडून कंट्री संगीतात शिरले आणि तेथे कितीतरी अधिक प्रसिद्ध झाले. तबकडीच्या वेष्टनासाठी आणि रेडिओवरील निवेदकासाठीही स्वतंत्र पुरस्कार होते, यावरून हा सोहळा कोणासाठी होता हे कळते: एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या, एकाच बसमधून रात्रीचा प्रवास करणाऱ्या, गाणे हा उदरनिर्वाहही असलेल्या माणसांचे ते स्नेहसंमेलन होते.

स्नेहसंमेलनाच्या बाहेर त्याच वर्षी काय चालले होते, याची नोंद येथे करणे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या परिसरात एडविन हॉकिन्स यांच्या गायनवृंदाने अठराव्या शतकातील एका स्तोत्रावरून बांधलेले 'ओ हॅपी डे' हे गीत १९६९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले, म्हणजे ज्याला जग गॉस्पेल म्हणून ओळखू लागले ते गाणे कृष्णवर्णीय मंडळीचे होते. आणि त्याच वर्षी लांब केसांच्या लॅरी नॉर्मन या तरुणाची 'अपॉन धिस रॉक' ही ख्रिस्ती आशयाची रॉक ध्वनिमुद्रिका निघाली, जिच्यातून पुढचा सारा 'समकालीन ख्रिस्ती संगीत' हा व्यवसाय उगवला असे मानले जाते. पीबॉडीमधील मेजवानीला या दोन्ही घटनांची गंधवार्ता नव्हती. ज्या पुरस्काराने स्वतःला समग्र गॉस्पेलचे नाव दिले तो आपल्या जन्माच्या वर्षीच त्या संगीताच्या एका कोपऱ्यापुरता होता, आणि त्याची पुढची वाटचाल म्हणजे हे नाव आणि ही व्याप्ती यांतील अंतर भरून काढण्याचा कधी मनापासूनचा, कधी नाइलाजाचा प्रयत्न होय.

निवडीची पद्धत तत्त्वतः सरळ आहे. ध्वनिमुद्रण कंपन्या आणि कलावंत ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झालेल्या कृती पाठवतात, छाननी होऊन त्या त्या विभागात पडतात, आणि संघटनेचे वर्गणीदार व्यावसायिक सभासद मतदानाच्या फेऱ्यांतून आधी नामांकने आणि मग विजेते निवडतात. परीक्षक मंडळाऐवजी सभासदांचे मत, या रचनेत संख्याबळाचा धोका अंगभूत असतो, आणि तो फार लवकर प्रत्ययास आला. १९७१ मध्ये मते गोळा करण्याच्या पद्धतीवर इतके आक्षेप निघाले की त्या वर्षीचे निकालच रद्द करण्यात आले. म्हणून वर्षाचा गीतकार या पुरस्काराच्या यादीत गेदर यांचे नाव १९६९, १९७० आणि पुन्हा १९७२ ते १९७७ असे आठ वेळा दिसते आणि मध्ये एक वर्ष रिकामे राहते. पवित्र आत्म्याच्या चिन्हासाठी मतपत्रिकांचा घोळ व्हावा, यावर तेव्हा कोणी हसले असेल तर ते अयोग्य म्हणता येणार नाही. पण नियम कडक झाले ते त्यानंतरच.

१९८० च्या दशकात हा सोहळा दूरचित्रवाणीवर आला, 'वर्षाचा कलावंत' हा सर्वोच्च पुरस्कार १९८१ मध्ये सुरू झाला, आणि विजेत्यांत क्वार्टेटांची जागा एमी ग्रँट, सँडी पॅटी, मायकेल डब्ल्यू. स्मिथ आणि पुढे स्टीव्हन कर्टिस चॅपमन या एकल कलावंतांनी घेतली. चॅपमन यांच्या नावावर पन्नासांहून अधिक डव्ह पुरस्कार आहेत. भांडवलही बदलत होते. १९९२ मध्ये ईएमआय या बलाढ्य कंपनीने स्पॅरो ही ख्रिस्ती ध्वनिमुद्रण कंपनी विकत घेतली आणि १९९५ पासून ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतील विक्री राष्ट्रीय खपाच्या गणतीत धरली जाऊ लागली, त्यामुळे आजवर अदृश्य असलेला ग्राहक एकाएकी आकड्यांत दिसू लागला. हा ग्राहक टिकवायचा तर गाणे त्याच्या श्रद्धेला धरून हवे, आणि नवा मिळवायचा तर श्रद्धेचा उच्चार थोडा सौम्य हवा, असा पेच यातून उभा राहिला.

तो पेच उघड झाला १९९८ मध्ये. एमी ग्रँट यांच्या 'बिहाइंड द आइज' या ध्वनिमुद्रिकेत दुःख आणि नात्यांची गाणी होती, पण देवाचा स्पष्ट उल्लेख शोधावा लागे. तरीही तिला पॉप विभागात वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा पुरस्कार मिळाला आणि वादळ उठले. परिणामी संघटनेने गॉस्पेलची लेखी व्याख्या केली. तिचे वैशिष्ट्य असे की स्वर, ताल, वाद्ये किंवा शैली यांविषयी ती कसलीही अट घालत नाही. शब्द बायबलमधील परंपरागत ख्रिस्ती सत्यावर आधारलेले असावेत, किंवा त्यांतून देवाची उपासना अथवा स्तुती व्हावी, किंवा ख्रिस्ताशी असलेल्या नात्याची साक्ष मिळावी, किंवा निदान त्यांमागे ख्रिस्ती जीवनदृष्टी असल्याचे स्पष्ट जाणवावे, एवढाच तिचा आशय. म्हणजे जगातील बहुतेक संगीतप्रकार कानाने ओळखता येतात, पण हा एक प्रकार वाचून ओळखावा लागेल, असे संगीतकारांच्याच संघटनेने ठरवले. लगेच काही प्रवेशिका बाद झाल्या, आणि प्रेमगीत लिहिणाऱ्या श्रद्धावंताचे स्थान कोणते, हा प्रश्न त्यातून वर आला. बायबलच्या मध्यभागीच 'गीतरत्न' हे प्रेमकाव्याचे पुस्तक आहे, याचा विसर छाननी करणाऱ्यांना पडला असावा असे वाटल्याशिवाय राहत नाही.

व्याख्येने एक भिंत उभी केली, पण जुनी भिंत तशीच राहिली होती. डव्हच्या विभागांत 'गॉस्पेल' हे विशेषण व्यवहारात कृष्णवर्णीय संगीतापुरते वापरले जाते. गोऱ्या कलावंतांचे पॉप, रॉक किंवा उपासनागीत हे स्वतःच्या नावाने येते, आणि क्वार्टेटांच्या जुन्या शैलीला 'सदर्न गॉस्पेल' म्हणतात. गॉस्पेल म्युझिक असोसिएशन या नावाच्या संस्थेत गॉस्पेल हा एक पोटविभाग असावा, यातील विसंगती परक्या वाचकाला जितकी खटकते तितकी आतल्या माणसाला बहुधा खटकत नाही. कृष्णवर्णीय कलावंतांनी त्यावर आपला उपाय पूर्वीच शोधला होता: डॉन जॅक्सन यांच्या शिकागोतील सेंट्रल सिटी प्रॉडक्शन्स या कंपनीने १९८५ मध्ये तेथील एरी क्राउन नाट्यगृहात 'स्टेलर पुरस्कार' सुरू केले, जेथे गॉस्पेल हा शब्द कोणत्याही उपसर्गाशिवाय उच्चारला जातो, आणि ज्यांच्या विशेष सन्मानांना थॉमस डॉर्सी आणि गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड यांची नावे दिलेली आहेत. डॉर्सी यांच्याच शहरात तो सोहळा जन्मावा हे उचितच होते.

दोन सोहळे असूनही बरेच कलावंत दोन्हीकडे जातात, आणि म्हणूनच २०१९ चा प्रसंग बोचरा ठरला. त्या ऑक्टोबरमध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे एका २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला पोलीस अधिकाऱ्याने तिच्याच घरात गोळी घातली. त्यानंतर तीनच दिवसांनी डव्हच्या मंचावर पुरस्कार स्वीकारताना कृष्णवर्णीय गॉस्पेल कलावंत कर्क फ्रँकलिन यांनी तिच्यासाठी आणि संबंधित अधिकाऱ्याच्या कुटुंबासाठीही प्रार्थना केली; दूरचित्रवाणीवर सोहळा दाखवला गेला तेव्हा ती प्रार्थना कापलेली होती. २०१६ मध्येही पोलिसांच्या गोळीबारांविषयीचे त्यांचे मनोगत असेच वगळले गेले होते, त्यामुळे फ्रँकलिन यांनी पुरस्कार, संघटना आणि प्रसारण करणारी वाहिनी या तिन्हींवर बहिष्कार जाहीर केला. लांबलेला कार्यक्रम ठरलेल्या वेळेत बसवताना भाषणे छाटावी लागली असा खुलासा देऊन संघटनेने क्षमा मागितली. छाटणी तांत्रिक होती हे खरे मानले तरी, शब्दांवरून गॉस्पेल ओळखण्याचा नियम करणाऱ्या संस्थेच्या सोहळ्यातून प्रार्थनेचेच शब्द गळावेत, हे समर्थनीय ठरत नाही.

तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, 'वर्षाचा कलावंत' हा पुरस्कार डेट्रॉइटच्या गायक घराण्यातील सीसी वायनन्स यांना मिळाला. एकल कृष्णवर्णीय गायिकेला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती; तो पुरस्कार तोवर एकेचाळीस वर्षे दिला जात होता.