आजोबांची सायकल खरंच निजामाच्या काळातली आहे का? रंग देण्याआधी एवढं तपासा

बीड जिल्ह्यात एखादं जुनं माळवदाचं घर उतरवायला घेतलं की अडगळीतून ठरलेल्या तीन वस्तू निघतात. तांब्याचा हंडा, पत्र्याची ट्रंक आणि एक काळी सायकल. हंडा घरात राहतो, ट्रंक कुणीतरी मागून नेतं आणि सायकल किलोच्या भावानं भंगारात जाते.

किंवा मग उलटं होतं. घरातलं पोरगं सायकलचा फोटो सोशल मीडियावर टाकतं आणि खाली लिहितं, 'निजाम काळातली इंग्लंडची रॅले, रेनॉल्ड्सची फ्रेम.' मग किंमत हजारांत बोलली जाते आणि घेणारा नुसत्या नावावर पैसे मोजतो.

पहिल्याचं नुकसान होतं आणि दुसरा फसतो. कारण मात्र एकच, सायकल नीट कुणी पाहिलेलीच नसते.

तर मुद्दा असा की, सायकलवर 'रॅले' लिहिलंय एवढ्यानं ती इंग्लंडची ठरत नाही. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पश्चिम बंगालमधल्या असनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात रॅले सायकली बनायला लागल्या. तिकडे मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सनं हर्क्युलस आणि पुढे बीएसए बनवली. म्हणजे नावं इंग्रजी, पण माल देशी. १९५१ मध्ये सोनीपतची ॲटलास आली, १९५६ मध्ये लुधियानाची हिरो. मुंबईत वरळीला 'हिंद' सायकलचा कारखाना तर त्याही आधीपासून होता.

आता बीडचा इतिहास याच्या शेजारी ठेवा. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे सायकलवर 'असनसोल' किंवा 'मेड इन इंडिया' लिहिलेली रॅले निघाली, तर ती निजामाच्या काळातली असूच शकत नाही. आजोबा खोटं बोलत नसतात. त्यांनी दोन सायकली वापरलेल्या असतात आणि आठवणीत त्या एक झालेल्या असतात.

मग बघायचं कुठे? सगळ्यात आधी हँडलखालच्या उभ्या नळीवरचा बिल्ला. कारखान्याचं नाव आणि गाव बहुतेक वेळा तिथंच असतं. बिल्ला झिजला असेल तर पॉलिश पेपर अजिबात मारू नका. वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. डोळ्याला न दिसणारी अक्षरं कागदावर उठतात.

नंतर चेनचं मोठं चक्र बघा. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची तीन तोंडं कोरलेली असतात. हंबरच्या चक्रात पाच माणसं असतात, रजच्या चक्रात हाताचा पंजा आणि बीएसएच्या चक्रात सरळ तीन अक्षरं. पण हे चक्र बदलता येतं. बिल्ला रॅलेचा आणि चक्र बीएसएचं असेल तर दोन सायकलींची एक झालीय असं समजा. खेड्यात हे सर्रास व्हायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. सायकल चालली पाहिजे, बस.

चकाकीवरूनही अंदाज येतो. क्रोमचा मुलामा साधारण १९३० च्या आसपास रूढ झाला, त्याआधी निकेल असायचं. निकेल पिवळसर दिसतं, क्रोम निळसर. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत इंग्लंडमध्ये मुलाम्याची टंचाई होती, तेव्हा चकाकणारे भागही काळे रंगवलेले निघायचे. म्हणून एखाद्या सायकलीचं हँडल मुळातच काळं असेल तर 'कुणीतरी रंग फासलाय' म्हणून तो खरवडू नका.

वर्षाचा सगळ्यात पक्का पुरावा मात्र मागच्या चाकात असतो, पण तो तीन गिअरच्या सायकलींनाच लागू आहे. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असायचा. 'एडब्ल्यू' या अक्षरांजवळ ५६ आणि ३ दिसलं तर हब मार्च १९५६ चा. महायुद्धाआधीच्या हबवर वर्षाचा एकच आकडा असतो, ८ म्हणजे १९३८. अर्थात हे हबचं वर्ष झालं. चाक बदललेलं नसेल तर सायकलही त्याच सुमाराची.

मागे-पुढे ३२ आणि ४० आरे आहेत म्हणजे इंग्लंडची, असं ठासून सांगणारे भेटतात. त्यावर जाऊ नका. पुढे ३२, मागे ४० ही ब्रिटिश पद्धत आपल्या कारखान्यांनी जशीच्या तशी उचलली. २८ इंची रिम आणि रॉडचे ब्रेक यांचंही तेच. फ्रेमवरचा नंबर उतरवून ठेवा, पण नुसत्या नंबरावरून वर्ष सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

आता नळीकडे येऊ, कारण किमतीचा खेळ इथंच होतो. 'रेनॉल्ड्स ५३१' ही बर्मिंगहॅमची नळी १९३५ मध्ये आली. पोलादात मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेली, टोकांना जाड आणि मधे पातळ, त्यामुळे हलकी आणि मजबूत. ती शर्यतीच्या आणि भारी सायकलींसाठी वापरली जायची. पण त्याचा स्टिकर आज कुणीही छापून चिकटवू शकतो. स्टिकर सोडा, सीट काढा.

सीटची दांडी ज्या नळीत बसते ती नळी बाहेरून साधारण २८.६ मिलीमीटर असते. म्हणजे आत बसणारी दांडी जितकी जाड, तितकी नळीची भिंत पातळ. लेथवाल्याकडून व्हर्नियरनं दांडी मोजून घ्या. टोकांना जाड असलेल्या ५३१ नळीत २७.२ मिलीमीटरची दांडी बसते. साध्या काळ्या सायकलीत ती २५.४ च्या आसपास भरते. मग मोबाइलचा टॉर्च लावून नळीच्या आत बघा. आतून लांबच लांब उभी शिवण दिसली तर ती पत्रा वळवून जोडलेली नळी आहे. ५३१ ला शिवण नसते.

लेथवाल्याकडे गेलाच आहात तर आणखी एक काम करा. पायडलचा एक्सल ज्या कपात फिरतो, त्या कपाचे आटे मोजायला सांगा. बाकीच्या ब्रिटिश कंपन्या इंचाला २४ आटे पाडायच्या, नॉटिंगहॅमची रॅले २६ पाडायची. बिल्ला आणि स्टिकर बदलता येतात, फ्रेमच्या आत पाडलेले आटे बदलणं अवघड.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या काळ्या सायकलीत ५३१ निघण्याची शक्यता फारच कमी. आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, कॅरिअरवर पेंडीचं पोतं आणि दांडीवर शाळेचं पोरगं, हे ओझं जाड साध्या पोलादानंच पेललं. हलकी नळी त्या कामासाठी नव्हतीच.

शेवटी कागद. ट्रंकेत सायकलची पावती सापडली आणि ती उर्दूत असेल तर फेकू नका. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू होती आणि वर्ष फसली चालायचं. फसली वर्षात ५९० मिळवले की इसवी सन येतं. ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१ मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. पण तोच आकडा हिजरी समजून वाचला तर १९३८ निघतो, म्हणजे सायकल एका झटक्यात दहा वर्षांनी म्हातारी. आकड्याजवळ 'फसली' हा शब्द किंवा नुसतं 'फे' हे अक्षर आहे का, ते उर्दू वाचणाऱ्याला विचारा. गावाचं नाव 'मोमिनाबाद' असेल तर गोंधळू नका, ते आपलं अंबाजोगाई. आणि 'भीर' म्हणजे बीडच.

हे सगळं झाल्यावर सायकल खुशाल 'ओव्हरऑइलिंग'ला टाका. फक्त दुकानदाराला आधीच सांगा की बिल्ला काढायचा नाही, नंबरावर रंग चढवायचा नाही आणि निघालेले जुने नट-बोल्ट एका डब्यात घालून परत द्यायचे.